गंजलेली जुनी फोर-बाय-फोर जीप घरी उभी करताना: आधी काय, मग काय

घरी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा मी बऱ्याच पाहिल्या. पहिल्या दिवाळीला त्या आरशासारख्या चमकतात आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड येतात. कारण जवळजवळ नेहमी एकच: कामं सगळी केलेली असतात, पण क्रम उलटा. आधी रंग, मग इंजिन, मग लक्षात येतं की चासीच कुजलीय. मग रंगवलेल्या बॉडीवर वेल्डिंगच्या ठिणग्या.

हा लेख महिंद्राच्या जुन्या जीपा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. सीजे-थ्रीबी, तिच्या लांब व्हीलबेसच्या बहिणी, पत्र्याच्या टपाच्या वॅगन आणि पुढे एमएम ५४०. दुसरी कुठलीही शिडी-चासीची (शिडीसारखा लोखंडी सांगाडा आणि वर वेगळी बॉडी), पाट्यांवरची (म्हणजे लीफ स्प्रिंगवरची) गाडी असेल तरी क्रम हाच.

## टप्पा १: कागद, जागा आणि महिना

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक बघा. चासीवर कोरलेला नंबर आणि पुस्तकातला नंबर अक्षर-अक्षर जुळवा. गंजामुळे नंबर वाचता येत नसेल तर तारेच्या ब्रशने घासू नका. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा रात्रभर लावून ठेवा, मऊ ब्रशने पुसा, मग पेन्सिलने ठसा घ्या. फोटो काढून ठेवा. ग्राइंडरने नंबर पुसला गेला की गाडी कितीही देखणी झाली तरी आरटीओच्या दारात ती भंगारच.

गाडी पन्नास वर्षांच्या वरची असेल तर २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेली व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं असतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण दोन अटी नीट वाचा. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आणि अशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणं हाच मार्ग. हे आत्ताच ठरवा. अर्ध्यावर असताना ‘दुसरं इंजिन टाकू या’ असं ठरवणाऱ्यांची पुढे कागदांत फार फरफट होते.

जागा: गाडीची लांबी-रुंदी आणि चारही बाजूंनी किमान एक मीटर. वर पत्रा, खाली कोबा. मातीवर जॅक लावायचा नाही.

महिना: दिवाळीनंतर सुरू करा. उघडा पत्रा मृगाच्या पावसाआधी इपॉक्सी प्रायमरखाली (रंगाआधीचा, ओल अडवणारा थर) गेलाच पाहिजे. कोकणात असाल तर त्याहून आधी. खारी हवा रात्रीतून साफ पत्र्यावर तांबूस साय धरते. मे अखेरपर्यंत प्रायमर होणार नाही असं दिसलं, तर बॉडी साफ करूच नका. जुना रंग आणि गंज तसाच ठेवून पावसाळाभर इंजिन-गिअरबॉक्सची कामं उरका.

## टप्पा २: टोचून पाहा

गंज डोळ्यांना दिसतो त्याच्या तिप्पट असतो. एक हातोडी, एक जुना पेचकस, एक विजेरी, आणि दर बिघाडाला खडूची खूण. गाडीखाली झोपून सगळीकडे हातोडीने हलके ठोके मारा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला पुठ्ठ्यासारखा बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे पेचकस टोचा. आत गेला तर तेवढा भाग कापायचा आहे.

कुठे शोधायचं, ते महत्त्वाच्या क्रमाने:

- चासीचं मागचं आडवं चॅनेल आणि पाट्यांचे हँगर. इथे चिखल बसतो आणि वाळतच नाही.
- बॉडी चासीवर जिथे बोल्टने बसते त्या जागा. रबर किंवा कॅनव्हासचा तुकडा पाणी शोषून धरतो.
- फ्लोअरखालची टोपीच्या आकाराची चॅनेल. विलीजच्या मूळ रचनेत यांच्या आत लाकडाची पट्टी असायची. ती भिजली की आतून पत्रा खाते, बाहेरून रंग शाबूत.
- ड्रायव्हरच्या सीटखालची टाकीची खोबण आणि शेजारच्या सीटखालचा हत्यारांचा कप्पा.
- काचेच्या फ्रेमची खालची कड, मागचे कोपरे, टेलगेटचा तळ.
- वॅगन असेल तर टपाची पन्हळ. ती आतून गळत असेल तर खांबांचे पाय गेलेले असतात.

माझी सीजे-थ्रीबी अकरा वर्षं कलमांच्या बागेत उभी होती. बाहेरून फ्लोअर ठीक दिसत होता. पेचकस टोचला आणि मुठीपर्यंत आत गेला. वर तीन थर पुट्टी, मध्ये वर्तमानपत्र, खाली कोलतार. कुणीतरी पूर्वी ‘रिस्टोअर’ केली होती.

तपासा: खडूच्या खुणा मोजा. चासीवर एक-दोन जागी भोकं असतील तर काम घरी होण्यासारखं आहे. मुख्य उभ्या (म्हणजे गाडीच्या लांबीच्या) चॅनेलमध्ये, त्यातही पाट्यांच्या हँगरजवळ, मोठा भाग गेला असेल तर ते काम चासी जिगवर, म्हणजे ती सरळ जखडून धरणाऱ्या सांगाड्यावर, बसवून करणाऱ्या माणसाकडेच द्या. इथे हौस नको.

## टप्पा ३: खोलणे

खोलायला एक आठवडा लागतो, जोडायला सहा महिने. मधल्या काळात तुमची स्मरणशक्ती दगा देणार, हे धरूनच चाला.

नट-बोल्टांना चार दिवस आधीपासून रोज गंजनाशक तेल मारा. अडलेला बोल्ट सरळ सोडवायला जाऊ नका. आधी किंचित घट्ट करा, ‘कट्’ आवाज आला की मग सोडवा. नाहीच सुटला तर नट तापवा, बोल्ट नव्हे.

सावध: अनेक जुन्या विलीज-वंशाच्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर एल खूण शोधा. लांब पाइप लावून ‘सोडवता’ सोडवता स्टड तोडणारे मी स्वतः पाहिलेत. त्यांतला एक मीच.

सावध: या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट (तिथून मागच्या एक्सलला ताकद नेणारा दांडा) काढलात की हँडब्रेक गेला. मागचं एक चाक जॅकवर उचललंत तरीही गेला, कारण डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी चालू पडते. म्हणून पाचर लावल्याशिवाय, आणि घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) बसवल्याशिवाय खाली जायचं नाही. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

प्रत्येक भाग काढण्याआधी तीन फोटो: लांबून, जवळून, आणि मागून. बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी: ‘काचेची फ्रेम, डावी बिजागरी, ४ बोल्ट, २ वायसर’. नुसतं ‘बोल्ट’ लिहिलेल्या पिशव्या शेवटी भंगारवाल्याकडे जातात. जुना, तुटका भागही नवा हातात येईपर्यंत टाकू नका. कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात तो नमुना दाखवल्याशिवाय बरोबर बुश मिळत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. बॉडी चासीवरून उचलण्याआधी तिला आतून आधार द्या. एक इंची चौकोनी पाइप दाराच्या उघड्या जागेत आडवे आणि तिरके, वेल्डिंगचे टाके (छोटे ठिपके) मारून बसवा. दोन्ही बाजूंना, आणि मागच्या दोन कोपऱ्यांमध्ये. कुजलेल्या फ्लोअरची बॉडी आधाराशिवाय उचलली की पापडासारखी वळते. नंतर नवा फ्लोअर त्या वळलेल्या आकारातच पक्का होतो, आणि मग दार काही केल्या बसत नाही.

उचलण्याआधी दाराच्या जागेचे कर्ण, काचेच्या फ्रेमपासून टेलगेटपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंनी मोजा आणि भिंतीवर लिहून ठेवा. कागद हरवतात.

## टप्पा ४: चासी आधी

नागडी चासी सपाट कोब्यावर चार घोड्यांवर ठेवा. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या हँगरच्या बोल्टांपासून कर्ण मोजा. ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या तर मोजमाप अधिक नेमकं येतं. दोन कर्णांत सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर चासी तिरकी आहे, असं मी धरतो. ती आधी सरळ व्हायला हवी.

कुजलेला भाग कापताना चांगल्या लोखंडापर्यंत जा. तुकडा मूळ चॅनेलच्याच जाडीचा. दोन जाडीचे तुकडे जोडले की जोडाच्या शेजारी तडा जातो. चासीच्या उभ्या चॅनेलमध्ये सरळ आडवा जोड देऊ नका. तिरका जोड ताण वाटून घेतो.

सावध: वेल्डिंगआधी बॅटरी काढा, डायनॅमो किंवा आल्टरनेटरच्या तारा सोडा. इंधनाची टाकी गाडीपासून लांब. टाकी ‘रिकामी’ असली तरी तिच्यात वाफ असते आणि ती स्फोट करते, डिझेलची असली तरीही. टाकीचं वेल्डिंग घरी करायचं नाही. विषय संपला.

चासीच्या आतली बाजू लोक विसरतात. चासी बाहेरून रंगवून झाली की पेटी झालेल्या भागांच्या भोकांतून लांब नळीच्या स्प्रेने मेणयुक्त गंजरोधक आत मारा. काही मिस्त्री जळालेलं इंजिन ऑइल मारतात. ते स्वस्त खरं, पण रबरी बुश फुगवतं आणि नंतर रंग धरू देत नाही.

## टप्पा ५: गंज काढणे, कशाने कुठला

सगळ्या गंजावर एकच औषध नाही.

मोठे सपाट भाग: ग्राइंडरवर तारेचा किंवा पट्ट्यांचा चकतीब्रश. घासण्याची दगडी चकती पत्रा पातळ करते. ती फक्त वेल्डिंगची गाठ उतरवायला. सँडब्लास्टिंगला बॉडी देणार असाल तर सपाट पॅनेलवर जोर कमी ठेवायला सांगा, नाहीतर पत्र्याला लाटा येतात. चासी, एक्सल, पाटे यांना मात्र ब्लास्टिंग उत्तम.

लहान भाग, बिजागऱ्या, कड्या: इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, दर पाच लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला, दोघांचा स्पर्श नको. काही तासांत गंज सुटून वर फेस येतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको. पाटे आणि कडक पोलादाचे स्प्रिंग यात घालू नका. ते ठिसूळ होतात.

घाई नसेल तर काकवी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, दोन आठवडे. वास असा येतो की शेजारी विचारायला येतात, पण आट्यांच्या आतलाही गंज जातो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. अॅल्युमिनियमचे भाग यात नकोत.

फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर हे शेवटच्या हातासाठी. पत्र्याच्या खळग्यांत रुतलेला बारीक गंज त्याने बसतो. सुट्या खपल्यांवर ते ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज सुखाने वाढतो. हातमोजे, चष्मा आणि मास्क.

तपासा: गंज काढलेला भाग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली. ‘उद्या मारू’ म्हटलं की परवा पुन्हा घासायला बसावं लागतं. म्हणून एका वेळी सगळी बॉडी साफ करू नका. एका दिवसात झाकता येईल तेवढीच.

## टप्पा ६: पत्रा

दुरुस्त झालेली चासी खाली, बॉडी तिच्यावर सगळ्या बोल्टांनी बसवलेली, आधार पाइप अजून जागच्या जागी. अशा अवस्थेतच फ्लोअर कापायचा आणि बसवायचा. बॉडी जमिनीवर ठेवून नवा फ्लोअर मारणाऱ्यांची बोल्टची भोकं नंतर जुळत नाहीत. सगळा लेख विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पत्रा सीआरचा (साधा कोल्ड-रोल्ड) घ्या, फ्लोअरला १६ गेज, बाजूच्या पॅनेलला १८. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा लवकर गंजत नाही म्हणून मोह होतो. पण वेल्डिंगला त्यातल्या जस्ताचा धूर ताप आणतो आणि जोडही कमकुवत होतो.

एका वेळी एकच भाग कापा. आधी डावा फ्लोअर पूर्ण, मग उजवा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहा, तो पत्र्यावर आखा. फ्लोअरखालची चॅनेल आधी, वरचा पत्रा नंतर. चॅनेल बसवताना लाकूड परत घालू नका. आत प्रायमर आणि मेण, आणि पाणी जायला खालच्या बाजूला दोन भोकं.

वेल्डिंगला सीओटू मशीन (कांडीऐवजी तार आणि वायूवर चालणारं) आणि ०.८ मिमी तार. नेहमीच्या कांडी वेल्डिंगने जुन्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, मग ती बुजवायला आणखी कांडी, मग आणखी भोकं. आधी टाके, दोन-अडीच इंचांवर. मग एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, असं उड्या मारत मधली जागा भरा. सलग ओढलेली रेघ दिसायला छान, पण पत्रा उकळत्या तेलातल्या पुरीसारखा फुगतो. हात ठेवता येईल इतका जोड थंड होऊ द्या आणि मगच पुढचा टाका.

तपासा: प्रत्येक पॅनेलनंतर भिंतीवरचे कर्ण पुन्हा मोजा. दारं आणि टेलगेट तात्पुरती लावून उघडझाप करा. आधार पाइप सगळ्यात शेवटी कापा.

तयार बॉडी आणायचा सल्ला कुणीतरी देईलच. हरियाणातल्या मंडी डबवालीची जीप बॉडी देशभर जाते. व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर आधी आरटीओत विचारा. आणि कुजलेला भाग एक तृतीयांशाहून कमी असेल तर मूळ बॉडी वाचवणंच बरं, असं माझं मत.

## टप्पा ७: चालणारे भाग

इंजिनाबद्दल थोडक्यात. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन कधीही सेल्फ मारून सुरू करू नका. पेट्रोल इंजिनाचे प्लग, डिझेलचे नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल घाला, दोन दिवस थांबा, मग पान्याने हाताने फिरवा. अडलं तर जोर नको. फिरलं तर ऑइल बदला, कूलंटचा मार्ग धुवा, डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, आणि मग सेल्फ.

फोर-बाय-फोरमध्ये मात्र एक घोळ वारंवार दिसतो. एवढ्या वर्षांत कुणीतरी पुढच्या किंवा मागच्या एक्सलचं हाऊसिंग बदललेलं असतं आणि दोघांचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, ते प्रमाण) वेगळा असतो. साध्या दोन चाकांवर गाडी छान चालते, फोर-व्हील लावली की ट्रान्सफर केस फुटतो. तपासणी सोपी आहे. गिअर आणि ट्रान्सफर केस न्यूट्रल, एक चाक जमिनीवर, त्याच एक्सलचं दुसरं उचललेलं. पाचर घट्ट. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं चाक अडलेलं असल्याने दोन फेरे म्हणजे एक्सलचा एकच) आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. तोच रेशो. सीजे-थ्रीबीत मूळ ५.३८, म्हणजे पाच फेरे आणि तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. पुढे-मागे एकच आकडा आला पाहिजे. चारही टायरही एकाच मापाचे. आणि या गाड्यांत मधलं डिफरन्शियल नसतं, म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायची नाही.

गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतात. त्यात जीएल-४ दर्जाचं ९० ऑइल. डिफरन्शियलला जीएल-५. दुकानदार ‘एकच सगळीकडे चालतं’ म्हणेल. ऐकू नका.

ब्रेक: चारही ड्रमचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर आणि सगळ्या रबरी नळ्या नव्या. जुनी ‘चांगली दिसतेय’ म्हणून ठेवू नका. रबर पेट्रोलमध्ये धुवायचं नाही, ब्रेक ऑइलमध्येच.

## टप्पा ८: प्रायमर, पुट्टी, रंग

क्रम: उघडा पत्रा, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), गरज असेल तिथे पुट्टी, सरफेसर (रंगाआधीचा गुळगुळीत करणारा थर), रंग. रेड ऑक्साइड मारून महिनोन्‌महिने गाडी अंगणात ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड. तो थर पाणी शोषतो आणि गंज त्याच्याच खाली सुरू होतो.

पुट्टी, म्हणजे पेंटर ज्याला लांबी म्हणतात, ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्रा ठोकूनच वर आणा. भोकावर पुट्टी कधीच नाही.

फोडांचं दुसरं कारण म्हणजे बोटं. घासल्यावर पत्र्याला हात लागला की घामाचं मीठ राहतं. थिनरच्या फडक्याने पुसा आणि पुन्हा हात लावू नका. ढगाळ, दमट दिवशी रंग मारला की वर पांढरं धुकं येतं. सकाळी दहानंतर, कोरड्या हवेत मारा. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक असतात आणि साधा मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर शेवटचा रंग बूथवाल्याकडे द्या. तयारी घरी, फवारणी बाहेर.

बॉडीच्या खालच्या बाजूला कोलतारी थर द्यायचाच असेल तर तो इपॉक्सीवर. उघड्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर दिला तर तो पाणी आत कोंडतो.

## टप्पा ९: जोडणी आणि पहिला पाऊस

बॉडी बसवताना प्रत्येक बोल्टखाली नवं रबर, आट्यांना थोडं ग्रीस. अर्थिंगच्या पट्ट्यांखालचा रंग खरवडायला विसरू नका. नवा रंग वीज जाऊ देत नाही. दिवे मंद, सेल्फ अर्धमेला, आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

पहिली फेरी अंगणात, ब्रेक तपासायला. दुसरी पाच किलोमीटर, आणि परत आल्यावर चारही ड्रमना हात लावून पाहा. एखादा जास्त गरम असेल तर तो ओढतोय. शंभर किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि बॉडीचे बोल्ट पुन्हा आवळा. यू-बोल्ट हमखास सैल सापडतात.

पाऊस यायची वाट बघू नका. नळाचा पाइप लावून दहा मिनिटं टपावर, काचेच्या फ्रेमवर आणि दारांवर पाणी सोडा, आत विजेरी घेऊन बसा. थेंब कुठून येतो ते खडूने खुणवा, सीलर भरा, पुन्हा पाणी. पहिला पावसाळा निघेपर्यंत फ्लोअरवर कार्पेट किंवा चिकटवलेली रबरी मॅट घालू नका. दर पंधरा दिवसांनी फ्लोअरचे कोपरे बोटाने चाचपून बघता आले पाहिजेत.